पोटॅशची दहा मिनिटं

काचपट्टीवर खरवडलेला कोंडा,
त्यावर पोटॅशचा एक थेंब, वर झाकणकाच.
आता दहा मिनिटं थांबायचं.
कातडी विरघळते,
आणि जे विरघळत नाही ते दिसायला लागतं.

देवगडच्या सरकारी दवाखान्यात, जिन्याखालच्या या खोलीत
अकरा वर्षं मी अशी दहा-दहा मिनिटं थांबते आहे.

आज समोर शेवंती कोयंडे.
बंदरावर कोलंबी सोलते,
कोपरापर्यंत बर्फाचं पाणी, पोटाला प्लास्टिकचा एप्रन.
डॉक्टर पुरुष, म्हणून कंबर तिने मला दाखवली,
दार लावून, खिडकीकडे बघत.
परकराच्या नाडीखाली, जिथे भाद्रपदभर काही सुकत नाही,
तिथे एक कडं. त्याच्या बाहेर दुसरं.
आतली कातडी बरी झालेली, कड मात्र लाल,
पुढे निघालेली.
रापण अर्धगोल टाकतात आणि ओढून घेतात.
ही रापण नुसती बाहेर जाते,
दोर धरायला किनाऱ्यावर कुणी नाही.

"चार म्हयने झाले गो ताय. मेडिकलवाल्यान टूब दिल्यान.
लायला काय बरां वाटता, सोडला काय दुप्पट."
ती ट्यूब मला माहीत आहे. चाळीस रुपये.
खाजेला निजवते, बुरशीला जागं ठेवते,
आणि कड अशी पुसते की ओळखणाऱ्यालाही ओळखू येऊ नये.
"घोवाक सांगलंय नाय."
घोव ट्रॉलरवर. त्यालाही असणार.
दोघांत टॉवेल एक.

पाच मिनिटं.
घरात आणखी कुणाला?
पोरीला, मानेवर. दुर्वा, सहा वर्षांची,
वासराच्या गळ्यात पडून झोपते.
आणि वासराला?
शेवंती पहिल्यांदा हसते.
बाणीच्या दोन्ही डोळ्यांभोवती राखाडी खपल्या,
कुणी चष्मा घातल्यासारख्या.
सासू टाकळ्याचा पाला ठेचून लावते तिला.
"आमकां भाजी, तिका वखद."

गजकर्ण म्हणतात याला.
बारा नावांतलं हेही एक नाव,
गेल्याच आठवड्यात तिच्या घरी पाटावर बसलेलं, दीड दिवस.
आरतीला सगळी वाडी,
आणि शेवंती मागे, पडवीच्या खांबाला
कुणी बघत नाही असं बघून
कंबर घासत.

आठ.
तिला सांगायचं असतं की बाई, तू घाणेरडी नाहीस.
दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्या बाईला
हे वेगळं सांगावं लागतं.
यांना मळ नको. ओल हवी,
आणि कातडीचा तो वरचा थर, जो मेलेला आहे.
केस, नखं, वासराचं उद्याचं शिंग.
जिवंत मांसाच्या उंबऱ्याशी बहुतेकदा थांबतात.
आपणच आपले मेलेले थर
अंगावर घालून बाजाराला जातो.

दहा. डोळा लावते.
फांद्या. काचेसारख्या, मधे मधे पेरं असलेल्या,
पडक्या गडग्यातून वाट काढत निघालेल्या.
"बघतेस?" नियमात बसत नाही हे.
ती एक डोळा हाताने झाकते, वाकते,
बराच वेळ बोलत नाही.
"माडाची मुळां," म्हणते. मग,
"जित्तां आसा काय ह्यां?"
होतं, म्हणते मी. थेंब टाकेपर्यंत.
"अगे बाय माझे," तिच्या तोंडून निघतं,
कीव आल्यासारखं, आणि तिचं तिलाच हसू फुटतं.

रजिस्टरात लिहिते: बुरशी आढळली.
डॉक्टर सांगतील ते मी आधीच सांगून टाकते.
ट्यूब बंद. गोळ्या पुऱ्या, खाज गेली तरी.
घरातल्या सगळ्यांनी एकदम. वासराला गुरांच्या दवाखान्यात.
परकर उन्हात, ऊन नसेल तर इस्त्री.
ती मान डोलावते.
ऊन, म्हणते. इस्त्री, म्हणते.
दुसऱ्याच कुणाच्या गावची नावं घ्यावीत तशी.

ती गेल्यावर टेबलावर टाकळ्याची जुडी,
केळीच्या सोपाने बांधलेली, निबर.
हातमोजा काढते.
घड्याळाच्या पट्ट्याखाली महिनाभर न बघितलेलं
रुपयाएवढं एक.
ब्लेड. नवी काचपट्टी.
बाहेर कुणीतरी दार वाजवतं.
थांबा, म्हणते,
दहा मिनिटं.